मासे मरत नाहीत

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक सातवीण आहे. वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नवरात्र जवळ आलं की ती फुलते आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीत तो गोड, जरासा डोक्यात चढणारा वास भरून राहतो. दुपारी ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसवत नाही, आणि दिवेलागणीला मात्र चुकून एखादी गार झुळूक येऊन जाते. गरब्याच्या मैदानांवर टँकरने पाणी मारणं सुरू होतं. आमच्या तरसाली भागातल्या बायका चणिया-चोळीच्या लेसा आणि टिकल्या आणायला मांडवीच्या बाजारात फेऱ्या मारू लागतात. मी बडोद्यातच लहानाची मोठी झाले, त्यामुळे या दिवसांत भाजी चिरतानासुद्धा माझा पाय ताल धरतो. पण या वासाबरोबर आता काळजीही येते, कारण हा आमच्या दुकानाचा सीझन.

आम्ही समुद्रातले मासे विकतो. म्हणजे खायचे नव्हेत, बघायचे. हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. दसऱ्याला दवाखाना उघडणारे डॉक्टर, धनतेरसला शोरूमचं उद्घाटन करणारे शेठ, नव्या बंगल्याची वास्तू करणारी कुटुंबं, अशा सगळ्यांना याच महिन्यात भिंतीत एक चमकती टाकी हवी असते आणि तीत दरियाची रंगीत माछली हवी असते. फोनवर मी सगळं ऐकून घेते. मग शांतपणे सांगते की ज्या माशाचं गाव मला सांगता येत नाही, तो मासा मी देत नाही. बहुतेकांना वाटतं, बाई सकाळी चहा न घेता दुकानात आली असावी. निम्मे फोन तिथेच संपतात. कालही एक संपला. शिरीषने हिशेब करताना चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. या बघण्याची मला आता सवय झाली आहे.

शिरीष माझा नवरा. पूर्वी रिफायनरीच्या लॅबमध्ये होता. आयुष्यभर बाटल्यांमधून पाणी आणि तेल तपासलं, आणि वेळेआधी निवृत्ती घेऊन पुन्हा पाणीच तपासत बसला. फरक एवढाच की आता त्या पाण्यात कुणीतरी पोहत असतं. समुद्रापासून एवढ्या लांब, विश्वामित्रीच्या काठच्या गावात, मीठ आणि औषधं मिसळून तो समुद्र तयार करतो याचं मला सुरुवातीला हसू यायचं. त्याला मात्र त्यात खरा आनंद होता. पाण्याचा खारटपणा बघायचं त्याचं एक छोटंसं यंत्र आहे. ते डोळ्याला लावून तो उभा राहिला की चंद्र बघणारी करवा चौथची बाई आठवते, असं मी त्याला म्हणते. तो चिडत नाही. माणूस मुळात चिडका नाहीच. चिडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

माल मुंबईहून यायचा. रात्रीची बस उजाडताना हायवेवर तरसालीच्या वळणाशी थांबायची आणि क्लीनर थर्माकोलची खोकी खाली द्यायचा. ती मांडीवर धरून मी स्कूटरवर मागे बसायचे. आतल्या पिशव्यांमधलं पाणी हिंदकळलेलं मांडीला कळायचं. दुकानात आल्यावर शिरीष दिवे लावू देत नसे. अर्धवट उजेडात खोकं उघडायचं, पिशव्या टाकीत तरंगत सोडायच्या, आणि बारीक नळीने आमचं पाणी थेंबथेंब त्यांच्या पाण्यात जाऊ द्यायचं. नव्या पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. नव्या सुनेला लागतो तसाच, असं माझी आई दुकान बघायला आली तेव्हा म्हणाली होती. मग हळूहळू रंग दिसू लागत. केशरी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले क्लाउन, हळदीसारखा पिवळा धमक एक, निळ्या शाईत बुडवून काढल्यासारखा दुसरा. खरं सांगते, त्या घडीला मला फार आनंद व्हायचा. हातात चहाचा कप तसाच गार व्हायचा.

त्यातले बरेच मरायचे. काही आमच्याकडे, पण जास्त गिऱ्हाइकांकडे. पाणी उत्तम असायचं, शिरीष स्वतः जाऊन तपासून यायचा. मासा दिसायला ठणठणीत असायचा, खायचाही, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी तळाशी आडवा सापडायचा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं झालं असतं तर लोक दुकानावर चालून आले असते. आमच्याकडे उलटं व्हायचं. लोक मिठाई घेऊन यायचे.

कारण आपल्याकडे, आणि गुजराती घरांत तर फारच, अशी समजूत आहे की टाकीतला मासा मेला म्हणजे त्याने घरावर येणारी इडापिडा स्वतःवर घेतली. कुणाचा अपघात टळणार होता, कुणाचा आजार जाणार होता, तो मासा घेऊन गेला. त्याला नमस्कार करायचा, तुळशीच्या कुंडीत पुरायचं आणि त्याच्या जागी लगेच नवा आणायचा, कारण जागा रिकामी ठेवायची नसते. वास्तूवाले तसं सांगतात, शेजारणी तसं सांगतात, आणि दुकानदारांना त्यात काही खोडून काढावंसं वाटत नाही. ज्या वस्तूच्या मरण्याचं गिऱ्हाईक आभार मानतं आणि पुन्हा तीच घ्यायला येतं, अशी वस्तू दुसरी कुठली असेल मला माहीत नाही.

आमचं सगळ्यात भाविक गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या पादरा गावातल्या आजी, सगळे त्यांना बा म्हणायचे. त्यांचा मुलगा जयेशभाई, बियाणं आणि खतांचा मोठा व्यापारी, पण घरात शब्द बांचा. अंगाने बारीक, पांढरी साडी, कानांत जुन्या घडणीचे जड सोन्याचे काप. जुन्या घरातल्या दिवाणखान्यात त्यांची टाकी होती आणि टाकीसमोर हिंडोळा. बा हिंडोळ्यावर पाय हलवत बसायच्या आणि माशांशी घरातल्या माणसांसारखं बोलायच्या. शुद्ध शाकाहारी घर, त्यामुळे माशांच्या खाण्यात नक्की काय असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो डबा गाडीच्या गॅरेजमध्ये ठेवलेला असे आणि ड्रायव्हर खायला घालत असे.

त्यांचे मासे सतत मरायचे. प्रत्येक वेळी बांकडे कारण तयार असायचं. जयेशभाईंचा ट्रक उलटता उलटता वाचला, तो पिवळ्याने वाचवला. नातीला डेंग्यू झाला आणि उतरला, तो निळा घेऊन गेला. मला त्या हात धरून सांगायच्या, "माछलीए घरनी बला लई लीधी, बेन." माशाने घरावरची बला घेतली, असं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. माझे सासरे गेले त्या वर्षी त्यांचं ते बोलणं ऐकून मला बरं वाटलं होतं, हे मी नाकारणार नाही. आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी सोसलं, या कल्पनेत फार ऊब असते.

तर एका वर्षीची गोष्ट. जयेशभाईंनी पादऱ्यात नवा बंगला बांधला होता आणि दसऱ्याला वास्तू होती. हॉलच्या अख्ख्या भिंतीत टाकी हवी होती. आमच्या दुकानाने तोवर एवढी मोठी टाकी कधी केली नव्हती. त्या एका कामावर आमचं होळीपर्यंत निभावलं असतं, आणि पादऱ्यातले पाहुणे ती बघून आणखी कामं देणार हे ठरलेलं. शिरीष कागदावर टाकीची चित्रं काढून पुन्हा पुन्हा खोडत होता. मी मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून कुठला मासा मिळेल ते विचारत होते.

पण मध्ये पितृपंधरवडा आला. त्या पंधरा दिवसांत कुणी टाकी घेत नाही, घ्यायचा विचारही करत नाही. दुकानात माश्या मारायच्या, त्यापेक्षा कुठेतरी जाऊन येऊ, असं शिरीष म्हणाला, आणि आम्ही जामनगरकडे गेलो. तिथल्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र लांबवर मागे सरतो आणि प्रवाळांचा पट्टा उघडा पडतो. जंगलखात्याच्या परवानगीने, सोबत वाटाड्या घेऊन त्यावरून चालत जाता येतं. माझ्या शेजारणीला वाटलं आम्ही द्वारकेला चाललोय. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण ओहोटी बघायला जातोय असं सांगितलं असतं तर तिला जास्त काळजी वाटली असती.

मी इतकी वर्षं समुद्रातले मासे विकले आणि समुद्राच्या आत पाय कधी ठेवला नव्हता. आमच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पाणी शिरलं, ते कोमट होतं. सगळीकडे शेवाळाचा हिरवा, कुजकट, खारा वास. पायाखाली खडबडीत दगड, आणि दगडांमध्ये पावसाच्या डबक्याएवढी स्वच्छ तळी. वाटाड्या पुढे चालत होता आणि सारखं सांगत होता की दगडावरच पाय ठेवा, ज्याच्यावर बारीक फुलांसारखी नक्षी दिसेल त्याच्यावर ठेवू नका, तो जिवंत आहे. ते ऐकल्यावर मला पाऊल टाकणंच अवघड झालं. मी साडी खोचून, शिरीषचा खांदा धरून, नवीन चालायला शिकल्यासारखी उभी होते.

एका तळ्याशी मी वाकले. काठाशी समुद्रफूल उघडलं होतं, त्याची बोटं पाण्याबरोबर डोलत होती. एक छोटा खेकडा माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकत होता. आणि प्रवाळाच्या फांद्यांमधून एक बोटभर निळसर मासा बाहेर आला, गेला, आला. माझी सावली पडली तसा तो आत गेला आणि मग काही केल्या बाहेर येईना. मी बराच वेळ हललेच नाही. त्याने अगदी जरासं तोंड बाहेर काढलं, मला बघितलं आणि पुन्हा आत. आपल्या घराच्या दाराआडून कुणी बघावं तसं. मला हसू आलं आणि मग एकदम प्रश्न पडला.

मी शिरीषला विचारलं, "एवढ्या आत शिरतो, मग पकडतात कसा?"

त्याने आधी चष्मा पुसला.

"काही जण जाळीने पकडतात. त्याला वेळ लागतो, कसब लागतं," तो म्हणाला. "लांबच्या काही बेटांवर औषध मारतात. बाटलीतून फवारतात आत. सायनाइड. मासा गुंगून बाहेर येतो."

"आणि हे?" मी प्रवाळाकडे बोट केलं.

"हे मरतं."

पुढचं मला विचारावं लागलं नाही. लॅबमधल्या माणसाने ते स्वतःच सांगितलं. मासा शुद्धीवर येतो, चांगला दिसतो, विमानातून येतो, बसमधून येतो, खातोही. पण पोटातलं सगळं जळलेलं असू शकतं. मग काही आठवड्यांनी जातो. कुठल्या माशाला औषध मारलंय आणि कुठल्याला नाही, हे दुकानात कुणालाच ओळखता येत नाही. सगळेच तसे नसतात, हेही तो दोनदा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याने हे कुठेतरी वाचलं होतं आणि पोटात ठेवलं होतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मला राग आला. शिरीषचा नाही, आणि त्या लांबच्या बेटांवर बाटली घेऊन पाण्यात उतरणाऱ्या, पोट भरायची धडपड करणाऱ्या माणसाचाही नाही. मला राग आला तो त्या मिठाईच्या डब्यांचा. तुळशीच्या कुंडीत पुरलेल्या प्रत्येक माशाला आम्ही सगळे मिळून नमस्कार करत होतो आणि तो का मेला हे एकानेही विचारलं नव्हतं. इतकं गोड उत्तर आधीच हातात असल्यावर कोण विचारतो. भरती येऊ लागली तसा वाटाड्या घाई करू लागला. मी मागे वळून बघितलं तर ते तळं कुठलं हे आता सांगता येत नव्हतं, सगळीकडे सारखंच चकाकणारं पाणी झालं होतं.

परतीच्या गाडीत आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले आणि शिरीष खिडकीबाहेर बघत उत्तरं देत राहिला. मी म्हटलं, दुकान बंद करू. तो म्हणाला, बंद केल्याने त्या माशाचं काय भलं होणार. आणि त्याने एक गोष्ट सांगितली जी मला तेव्हा मान्य करावी लागली. काही बेटांवर कोळी हाताच्या जाळीने मोजके मासे काढतात, त्यावर त्यांची घरं चालतात, आणि म्हणून ते आपलं प्रवाळ डोळ्यांत तेल घालून जपतात. त्यांचा मासा कुणी घेतला नाही तर उद्या त्याच प्रवाळावर सुरुंग लावून खाण्याचे मासे काढतील, किंवा दगड फोडून विकतील. आणि दक्षिणेत आता क्लाउनची पैदास टाकीत करतात, बायका करतात, किनाऱ्यावरच्या गावांमध्ये. तो मासा समुद्रातून काढलेलाच नसतो. सगळं एका झाडूने झाडू नकोस, असं त्याचं म्हणणं. राजकोट आलं, गाठिया खाल्ले, चहा घेतला. चहा संपेपर्यंत माझं ठरलं होतं.

मुलीसाठी स्थळ बघताना आपण विचारतो ना, गाव कुठलं, घर कुठलं, कोण ओळखतं. तसंच माशाला विचारायचं. कुठल्या गावात वाढला, कुणी पकडला, कशाने पकडला. उत्तर मिळालं तर घ्यायचा. नाही मिळालं तर कितीही देखणा असो, नाही. शिरीष म्हणाला, सीझन जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, जयेशभाईंची टाकी जाईल. ती जाऊ नये असं मलाही फार वाटत होतं.

मुंबईच्या व्यापाऱ्याला मी फोनवर गावं विचारली तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, वहिनी, माशाचं आधारकार्ड नसतं. मीही हसले आणि त्याच्याकडून घेणं बंद केलं. केरळातून, तमिळनाडूतून टाकीत वाढलेले मासे शोधले. जाती मोजक्या, रंग मोजके. पिवळा धमक नाही, शाईचा निळा नाही. खरं प्रवाळ तर कायद्यानेच विकता येत नाही, तरी लोक खिडकीशी वाकून हळूच विचारतातच. त्यांच्यासाठी शिरीष स्वतः सिमेंट आणि रंगांचं करून देतो, आणि ते इतकं हुबेहूब होतं की एका गिऱ्हाइकाने आम्हाला पोलिसांत द्यायची धमकी दिली होती.

वास्तूच्या आधी जयेशभाई टाकी बघायला आले. भिंतभर पाणी, आणि त्यात एक क्लाउनची जोडी आणि आणखी चार-सहा लहान मासे. ते बराच वेळ बाकीचे कुठे लपलेत ते शोधत राहिले. मग कळलं की एवढेच. ते फार नाराज झाले. लग्नाच्या हॉलमध्ये चार पाहुणे बसवल्यासारखं दिसतंय, असं म्हणाले, आणि खरं तर तसंच दिसत होतं. मी त्यांना गाव, जाळी, औषध सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं असं मला वाटत नाही. मुहूर्त तोंडावर होता, दुसरं दुकान शोधायला वेळ नव्हता, म्हणून टाकी राहिली. पाहुण्यांपैकी कुणी आमचा नंबर मागितला नाही. दसऱ्याला दुकानावर आसोपालवाच्या पानांचं तोरण बांधून आम्ही दोघांनी फाफडा-जिलेबी खाल्ली आणि रस्त्याकडे बघत बसलो.

ते वर्ष कठीण गेलं. आमचा धंदा माशांच्या मरणावर चालत होता, हे मासे मरेनासे झाल्यावर नीट कळलं. एकदा नेलेला मासा जगतोय म्हटल्यावर माणूस दुकानाची पायरी पुन्हा कशाला चढेल. शिरीषने बाहेरच्या टाक्या धुण्याची, पाणी तपासण्याची कामं धरली. मी संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. नातेवाईक विचारायचे, दुकान कसं चाललंय. शिरीष सांगायचा, मासे मजेत आहेत. दोघांपैकी कुणीही मागे फिरायचं नाव काढलं नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा फार अभिमान वाटतो. मी हे त्याला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे तेवढंच.

पुन्हा सातवीण फुलली आणि एका दुपारी दुकानासमोर जयेशभाईंची गाडी थांबली. आतून बा उतरल्या, काठी टेकत. त्या आमच्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पंख्याखाली थोडा वेळ बसून त्यांनी श्वास घेतला आणि मग तक्रार सांगितली.

"आ माछली मरती केम नथी, बेन?"

हे मासे मरत का नाहीत? मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्या वर्षात त्यांचा गुडघा घसरून पडल्याने कामातून गेला होता. नातीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. जयेशभाईंचं रक्तदाब वाढून दवाखान्यात जाणं झालं होतं. आणि टाकीतले मासे आपले मजेत फिरत होते. एकही पुढे येत नव्हता. घरावरची सगळी बला आता घरातच साठत चालली आहे, ती घेणारं कुणी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पहिल्यासारखे मासे हवे होते. ते नसतील तर मांडवीकडे कुणीतरी देतो असं ऐकलं होतं, तिकडे जातील. पण आधी माझ्याकडे आल्या, कारण ओळख जुनी.

शिरीष पाण्याची बादली हातात धरून उभाच राहिला. मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला वाटलं, द्यावा एखादा. म्हाताऱ्या जीवाला रात्री झोप लागेल. असा कितीसा फरक पडतो एका माशाने. आणि मग ते दाराआडून बघणारं निळसर तोंड डोळ्यांपुढे आलं. मी बांसमोर जमिनीवर बसले आणि त्यांना सांगितलं. मोडक्यातोडक्या शब्दांत नाही, नीट, गुजरातीत, त्यांना पूर्ण कळेल असं. समुद्रातल्या घरात औषध मारून माशांना बाहेर काढतात. घरही मरतं. मासा विष पोटात घेऊनच प्रवासाला निघतो. तुमच्याकडे आलेल्यांपैकी किती तसे होते मला माहीत नाही, पण जे तसे होते ते कुठल्याही घरी गेले असते तरी मेले असते. पादऱ्यातल्या सगळ्यात सुखी घरी गेले असते तरी.

बा ऐकत होत्या. त्यांचा हात काठीच्या मुठीवर वळत होता.

"एटले एमणे मारुं कंई लीधुं नहोतुं?" त्यांनी विचारलं. म्हणजे माझं काही घेतलंच नव्हतं त्यांनी?

"ना, बा."

बाहेर गरब्याच्या मंडपाला बांबू ठोकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मी यांचं काहीतरी कायमचं मोडलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी मेलेले सगळे मासे मी एका वाक्यात त्यांच्याकडून काढून घेतले होते. मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला, पण माझं बोलणं मागे घ्यावंसं वाटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, हे आत्ताचे किती जगतील. शिरीषने सांगितलं, क्लाउनची जोडी नीट सांभाळली तर वीस वर्षंसुद्धा. बांनी मान हलवली. त्या मनात काहीतरी जुळवत होत्या.

"मारा पछी आमनुं कोण करशे?" त्या म्हणाल्या.

माझ्यामागे यांचं कोण करणार. आजवर त्या टाकीसमोर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथे माशांनी आपल्यासाठी करायचं असा रिवाज होता.

"हुं करीश, बा," मी म्हटलं.

त्या दिवसापासून खाण्याचा डबा गॅरेजमधून हॉलमध्ये आला. त्यात काय असतं ते बांनी जयेशभाईंना विचारून घेतलं, तोंड वाकडं केलं आणि तरी रोज स्वतःच्या हाताने घालू लागल्या, वर गंगाजळाने हात धुऊ लागल्या. दुकान अजून चालू आहे. हळूहळू आमची पाण्याची कामं वाढली, आणि गाव विचारणारी गिऱ्हाइकंही येतात, थोडी, पण येतात. या सीझनलाही मी फोनवर तेच सांगणार आहे.

बा या श्रावणात गेल्या, झोपेत. बारावं-तेरावं आटोपल्यावर जयेशभाईंचा फोन आला की बांनी सांगून ठेवलंय, मासे तुम्हाला द्यायचे. मी पादऱ्याला गेले. बंगल्यात अजून नातेवाईक होते. जुन्या घरातून आणलेला हिंडोळा रिकामा होता आणि क्लाउनची जोडी काचेशी येऊन खाणं मागत होती. सुरतेहून आलेली कुणी मामी माझ्यामागे उभी होती. ती शेजारच्या बाईला म्हणाली, मला ऐकू जावं इतपत मोठ्याने, "बा गयां, ने आ तो एमनी एम फरे छे. शुं काम आपी'ती आवी माछली?"

बा गेल्या आणि ह्या आपल्या तशाच फिरताहेत, कशाला दिले होते असले मासे. शोकाच्या घरात उत्तर द्यायचं नसतं हे मला कळतं. मी तरी वळले.

"जीववा माटे ज आपी'ती," मी म्हटलं. जगायलाच दिले होते.

जयेशभाई उठले, आतून स्टूल घेऊन आले आणि मासे काढताना माझा हात टाकीच्या तळापर्यंत पोचावा म्हणून ते भिंतीशी लावून धरून उभे राहिले.